रसायनशास्त्राच्या पदवीनंतर भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण: तयारीपासून पहिल्या सत्रापर्यंत

रसायनशास्त्राची पदवी हातात घेऊन भौतिकशास्त्राकडे वळू पाहणाऱ्यांना बहुतेक वेळा एकच धास्ती असते: क्वांटम मेकॅनिक्स झेपेल का? माझ्या मते ही धास्ती चुकीच्या जागी आहे. हायड्रोजन अणू, खोक्यातला कण, हार्मोनिक ऑसिलेटर, व्हेरिएशनची पद्धत, स्पिन हे सगळं तुम्ही कधीच पाहिलेलं असतं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला खरा खड्डा लागतो तो क्लासिकल मेकॅनिक्स आणि विद्युतचुंबकत्वात. तो दिसत नाही, कारण हे विषय 'बारावीला झालेत' असं वाटत असतं. पुढची सगळी तयारी हे गृहीत धरूनच मांडली आहे.

ही वाट नवी नाही, हेही आधीच सांगून टाकतो. यूजीन विग्नर यांचं शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचं, आणि १९६३चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते सममितीच्या तत्त्वांवरच्या कामासाठी. लार्स ऑन्सागर यांनीही १९२५ साली केमिकल इंजिनिअरिंगचीच पदवी घेतली. १९४४ साली त्यांनी द्विमितीय आयसिंग मॉडेलचं (चुंबकाच्या एका साध्या गणिती प्रारूपाचं) अचूक उत्तर काढलं आणि सांख्यिकीय भौतिकशास्त्राला वेगळं वळण दिलं.

विभाग बदलायचाय की प्रश्न?

पहिली पायरी अर्जाची नाही. तुम्हाला नेमकं काय करायचंय, ते तपासण्याची आहे.

'मला फिजिक्स करायचंय' म्हणणाऱ्या अनेकांना जे करायचं असतं ते रसायनशास्त्राच्या विभागांतही जोरात चालतं. डेन्सिटी फंक्शनल थिअरी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याची पद्धत), मॉलिक्युलर डायनॅमिक्स, अतिवेगवान लेझर स्पेक्ट्रोस्कोपी, पॉलिमर, पृष्ठभागांचा अभ्यास अशी यादी मोठी आहे. वॉल्टर कोन हे भौतिकशास्त्रज्ञ. १९६४-६५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत डेन्सिटी फंक्शनल थिअरीचा पाया घातला आणि १९९८ साली त्यांना नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. सीमारेषा इतकी पुसट आहे.

एक साधा प्रयोग करा. अलीकडे मनापासून वाचलेले आठ-दहा शोधनिबंध काढा आणि प्रत्येकाच्या लेखकांचे विभाग बघा. निम्म्याहून जास्त लेखक रसायनशास्त्र किंवा मटेरिअल्सच्या विभागातले निघाले, तर तुम्हाला विभाग बदलण्याची गरज नसेल. फिजिकल केमिस्ट्री किंवा केमिकल फिजिक्समध्ये प्रवेश घेऊन भौतिकशास्त्राचे दोन-तीन कोर्स करणं हा कमी खर्चाचा आणि कमी मनस्तापाचा मार्ग आहे. यादीत अतिसंवाहकता, क्वांटम ऑप्टिक्स, टोपॉलॉजिकल पदार्थ, अतिशीत अणू, कणभौतिकी किंवा विश्वरचनाशास्त्र भरलेलं असेल, तर मात्र भौतिकशास्त्राचा विभागच हवा.

सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेचा कंटाळा आला, एवढंच कारण असेल तर थांबा. प्रायोगिक भौतिकशास्त्रातही दिवसचे दिवस व्हॅक्यूमची गळती शोधण्यात जातात.

तुमच्याकडे काय आहे?

काय येत नाही याची यादी करण्याआधी काय येतं याची करा. पुढे अर्जात तीच कामी येते.

उष्मागतिकीत तुम्ही भौतिकशास्त्राच्या सरासरी पदवीधरापेक्षा पुढे असता. केमिकल पोटेन्शियल म्हणजे काय, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला बहुधा ग्रँड कॅनॉनिकल एन्सेम्बलपर्यंत पोचल्यावर, आणि तेही अर्धवट, कळतं. तुम्ही त्याच्यासोबत दोन-तीन वर्षं काढलेली असतात. ग्रुप थिअरीचंही तसंच. कॅरेक्टर टेबल वापरून कोणतं कंपन इन्फ्रारेडमध्ये दिसेल आणि कोणतं रामनमध्ये, हे तुम्ही सांगू शकता. घनभौतिकीतले ३२ पॉइंट ग्रुप आणि २३० स्पेस ग्रुप म्हणजे त्याच हत्याराचा मोठा संच. एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुनाद) नीट शिकला असाल तर स्पिन, फिरती संदर्भचौकट आणि पल्स यांची ओळख झालेली आहे. क्वांटम संगणनातल्या क्युबिटवरच्या (माहितीच्या मूलभूत एककावरच्या) क्रिया याच भाषेत लिहितात. २००१ साली सात क्युबिटांच्या क्वांटम संगणकावर १५ या संख्येचे अवयव पाडून दाखवले, तेही एनएमआर वापरूनच.

आणि हुकेलची पद्धत, म्हणजे रेणूतल्या पाय-इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या काढण्याची सोपी रीत. रसायनशास्त्रातून भौतिकशास्त्रात जाण्याचा यापेक्षा चांगला पूल मला माहीत नाही. ब्युटाडाइनचं चार बाय चारचं मॅट्रिक्स तुम्ही सोडवलेलं असतं. उत्तरं येतात अल्फा अधिक-उणे १.६१८ बीटा आणि अल्फा अधिक-उणे ०.६१८ बीटा. आता चार कार्बनऐवजी बंद कड्यात 'न' कार्बन घ्या. ऊर्जापातळ्यांत कोसाइन येतो. 'न' वाढवत अनंताकडे न्या: पातळ्या एकमेकींना चिकटत जातात आणि चार बीटा रुंदीचा एक अखंड पट्टा तयार होतो. घनभौतिकीत यालाच टाइट बाइंडिंग म्हणतात. तुमचा बीटा तिथे 'हॉपिंग' होतो, तुमचा अल्फा 'ऑन-साइट एनर्जी'. आता एकाआड एक बंध लहान-मोठे करा. पट्ट्याच्या मधोमध फट पडते. पॉलिअॅसिटिलीनची ही साखळी म्हणजेच सु, श्रीफर आणि हीगर यांनी १९७९ साली मांडलेलं मॉडेल, आणि टोपॉलॉजिकल पदार्थांवरचे कोर्स आज बहुधा याच मॉडेलपासून सुरू होतात. त्यांतल्या हीगर या भौतिकशास्त्रज्ञाला पुढे २००० साली दोन रसायनशास्त्रज्ञांसोबत विद्युतवाहक पॉलिमरच्या शोधासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढी गणितं कागदावर आणि थोडी संगणकावर करून पाहा. एका आठवड्याचं काम आहे, आणि हे जग आपल्याला परकं नाही, याची खात्री पटते.

खड्डे कुठे आहेत?

क्लासिकल मेकॅनिक्स: लॅग्रांजियन आणि हॅमिल्टोनियन मांडणी, केंद्रीय बल, जडवस्तूंचं भ्रमण, लहान आंदोलनं. रसायनशास्त्राच्या पदवीत यातलं जवळपास काहीच नसतं. गंमत अशी की 'हॅमिल्टोनियन' हा शब्द तुम्ही रोज वापरता, पण तो येतो कुठून हे कुणी सांगितलेलं नसतं.

विद्युतचुंबकत्व: कुलोमचा नियम येतो, मॅक्सवेलची समीकरणं ऐकून माहीत असतात. पण दिलेल्या सीमाअटींत लाप्लासचं समीकरण सोडवणं, पदार्थातली क्षेत्रं, तरंगांचं परावर्तन, हलत्या प्रभारांचं उत्सर्जन हे सगळं कोरं असतं. पदव्युत्तर वर्गात सर्वांत जास्त दमवणारा विषय हाच.

विशेष सापेक्षता आणि ऑप्टिक्स यांतली उणीव छोटी आहे, काही आठवड्यांत भरते. क्वांटम मेकॅनिक्समध्ये विषय ओळखीचा, मांडणी अनोळखी. तुम्ही तरंगफलं आणि ऑर्बिटलची चित्रं पाहिली आहेत. तिकडे सगळं अवस्था-सदिश, ऑपरेटर आणि डिरॅकच्या ब्रा-केट चिन्हांत चालतं, आणि काळानुसार होणारा बदल व स्कॅटरिंग यांना मोठं स्थान असतं. सांख्यिकीय यामिकीत पार्टिशन फंक्शन तुम्हाला आधीच येत असतं. फर्मी आणि बोस वायू, अवस्थांतरं, आयसिंग मॉडेल हे नवं.

गणिताबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बाकी सगळे खड्डे मुळात तिथूनच सुरू होतात. रेषीय बीजगणित, सदिश कलन, विकलक समीकरणं आणि फूरिए विश्लेषण ही चार अंगं पक्की हवीत. कॉम्प्लेक्स संख्यांचं कलन थोडं मागाहून आलं तरी चालतं.

शेवटची उणीव सवयीची आहे, आणि ती कोणत्याच अभ्यासक्रमात लिहिलेली नसते. रसायनशास्त्र तुम्हाला अपवादांचा आदर करायला शिकवतं: हा मूलद्रव्य-गट असा वागतो, फक्त हे एक सोडून. भौतिकशास्त्राच्या गृहपाठात मात्र तीन ओळींचा प्रश्न असतो आणि चार पानांचं उत्तर. सूत्र आठवून चालत नाही, पहिल्या तत्त्वापासून काढावं लागतं. उत्तर आलं की एकक तपासायचं, टोकाच्या स्थितीत ते शहाण्यासारखं वागतं का ते बघायचं. ही सवय वाचून लागत नाही, गणितं सोडवूनच लागते.

आधी स्वतःची परीक्षा घ्या

पुस्तकं गोळा करण्यापूर्वी एक शनिवार-रविवार काढा आणि खालची गणितं कशाचाही आधार न घेता करून बघा.

उभ्या व्यासाभोवती फिरणाऱ्या वर्तुळाकार तारेत एक मणी ओवला आहे. त्याचा लॅग्रांजियन लिहा, समतोलाच्या जागा शोधा. ठरावीक कोनीय वेगापर्यंत मणी तळाशीच राहतो आणि त्यापुढे वर सरकून स्थिर होतो. हा वेग किती? उत्तर: गुरुत्वत्वरण भागिले त्रिज्या, त्याचं वर्गमूळ. जमलं तर मेकॅनिक्सची सुरुवात तरी झालेली आहे.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू दोन सारख्या स्प्रिंगांनी जोडलेले तीन गोळे मानून सरळ रेषेतली कंपनं काढा. असममित आणि सममित ताणाच्या वारंवारितांचं गुणोत्तर साधारण १.९१ येतं. प्रत्यक्ष मोजमापात ते १.७ च्या आसपास आहे. हा फरक का पडतो, याचा विचार करता आला तर तुम्ही भौतिकशास्त्रज्ञासारखा विचार करताय. (एक इशारा: दोन बंध एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. दुसरा: सममित ताणाची वारंवारिता आणि वाकण्याच्या वारंवारितेची दुप्पट जवळजवळ सारख्या पडतात.)

एकसमान विद्युतक्षेत्रात विद्युतरोधक पदार्थाचा गोळा ठेवला, तर आतलं क्षेत्र किती? तुम्ही वापरलेलं क्लॉसियस-मोसोटीचं समीकरण याच गणितातून निघतं.

दोन पातळ्यांची प्रणाली आंदोलत्या क्षेत्रात ठेवली, तर वरच्या पातळीत सापडण्याची शक्यता वेळेनुसार कशी बदलते? आणि शेवटचं: धातूतल्या इलेक्ट्रॉनांची उष्माधारिता कमी तापमानाला तापमानाच्या समप्रमाणात का असते?

पाचांपैकी तीन जमली तर पाया चांगला आहे, सहा-आठ महिन्यांची नेटकी तयारी पुरेल. एक किंवा शून्य जमलं, तरी निराश होण्याचं कारण नाही. पण मग आठवड्याला आठ-दहा तास धरून दीड वर्षाचा हिशेब करा. याहून कमी वेळात सगळं भरून काढण्याचं आश्वासन देणाऱ्या योजनांवर माझा विश्वास नाही.

कोणत्या क्रमाने शिकायचं

क्रम चुकला की वेळ वाया जातो. आवडतं म्हणून क्वांटमपासून सुरुवात करणं, हा मोह बहुतेकांना होतो. टाळा.

पहिले दोन-तीन महिने गणिताला द्या, पण शुद्ध गणिताच्या पुस्तकांत अडकू नका. भौतिकशास्त्रासाठी लिहिलेल्या गणितपद्धतींचं पुस्तक घ्या. आयगेन मूल्यांची गणितं हाताने करा आणि मग तीच पायथॉनमध्ये नमपाय (NumPy) ही गणिती लायब्ररी वापरून करा. हा कोड पुढे सतत लागतो.

त्यानंतर मेकॅनिक्स. इथे घाई नको. लहान आंदोलनांच्या प्रकरणात तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल, कारण रेणूंच्या कंपनांचे नॉर्मल मोड तुम्ही पाहिलेले आहेत. तिथून मागे लॅग्रांजियनकडे आणि पुढे हॅमिल्टोनियन, पॉइसन ब्रॅकेटकडे जा. पॉइसन ब्रॅकेट समजला की क्वांटममधला कम्युटेटर आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

मग विद्युतचुंबकत्व, सलग चार-पाच महिने. मध्येच सोडून परत येण्याजोगा हा विषय नाही, कारण प्रत्येक प्रकरण आधीच्यावर उभं आहे. स्थिर विद्युत, मग पदार्थातली क्षेत्रं, स्थिर चुंबकत्व, मॅक्सवेल, तरंग, उत्सर्जन. विशेष सापेक्षता इथेच शेवटी घ्या. वेगळी शिकण्यापेक्षा जास्त पटते.

क्वांटम आणि सांख्यिकीय यामिकी त्यानंतर, आणि शक्य असेल तर सोबतच. क्वांटममध्ये पहिल्या आठवड्यापासून ब्रा-केटमध्येच लिहायची शिस्त लावा. तुमचे पी-एक्स आणि पी-वाय ऑर्बिटल हे चुंबकीय क्वांटम अंक अधिक एक आणि उणे एक असलेल्या अवस्थांच्या बेरजा-वजाबाक्या आहेत, हे एकदा स्वतः लिहून काढा. रसायनशास्त्राच्या वर्गात हा दुवा बहुधा घाईत सुटलेला असतो. टर्म सिम्बॉल तुम्हाला येतात, त्यामुळे कोनीय संवेगांची बेरीज सोपी जाते.

काही खोड्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. रसायनशास्त्रात आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य. भौतिकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत तो उष्णता वजा कार्य असतो, कारण तिथे प्रणालीने केलेलं कार्य धन मानतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकांतला द्विध्रुवाचा बाण धनाकडून ऋणाकडे जातो, भौतिकशास्त्रातला ऋणाकडून धनाकडे. तुम्ही मोलच्या हिशेबात विचार करता, ते एका कणाच्या. म्हणून वायुस्थिरांकाची जागा बोल्ट्झमनचा स्थिरांक घेतो. दोन आकडे तोंडपाठ ठेवा: एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे मोलला सुमारे ९६.५ किलोज्यूल, आणि खोलीच्या तापमानाला उष्मीय ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. चर्चेत यांचा फार उपयोग होतो.

प्रत्येक विषयात किती वाचलं याला किंमत नाही, किती गणितं पुस्तक मिटून सोडवली याला आहे. सोडवलेली गणितं तारीख घालून वहीत ठेवा.

पुरावा कागदावर आणा

स्वतः शिकलात हे कौतुकास्पद आहे, पण प्रवेश समितीला ते दिसत नाही. समितीच्या मनात तुमच्याबद्दल मुख्यतः एकच शंका असते: हा विद्यार्थी पहिल्या वर्षाचे मुख्य कोर्स आणि पात्रता परीक्षा (प्रवेशानंतर पीएचडी पुढे चालू ठेवण्यासाठी द्यावी लागणारी) पार करेल का? मुख्य कोर्स जवळपास सगळीकडे तेच चार: मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, क्वांटम, सांख्यिकीय. अर्जातली प्रत्येक गोष्ट या शंकेचं उत्तर असली पाहिजे.

तुम्ही अजून पदवीला असाल तर उरलेल्या सत्रांत भौतिकशास्त्र विभागाचे वरच्या वर्षाचे किमान दोन कोर्स घ्या, गुणांसह. निवडायचेच असतील तर विद्युतचुंबकत्व आणि मेकॅनिक्स. क्वांटमचा पुरावा तुमच्या फिजिकल केमिस्ट्रीत थोडा तरी आहे, या दोहोंचा अजिबात नाही. गुणांशिवाय नुसतं वर्गात बसलात तर समजेल खूप, गुणपत्रकावर मात्र काहीच उमटणार नाही.

पदवी झाली असेल तर तीन रस्ते उरतात. एखाद्या विद्यापीठात बिगरपदवी विद्यार्थी म्हणून सुटे कोर्स घेणं. दुसरा, एक-दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करून मग पीएचडीला अर्ज. काही विद्यापीठं दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांसाठी पूरक वर्षही ठेवतात. तिसरा रस्ता प्रवेश परीक्षेचा. मला दुसरा रस्ता सर्वांत भरवशाचा वाटतो. वेळ जास्त जातो, पण त्या काळात कोर्स, प्रबंध आणि शिफारसपत्रं तिन्ही एकत्र जमा होतात.

परीक्षेबद्दल थोडं. भौतिकशास्त्राच्या जीआरई विषय परीक्षेत (मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रवेशासाठीच्या) मेकॅनिक्स आणि विद्युतचुंबकत्व मिळून साधारण ३८ टक्के प्रश्न असतात, तर उष्मागतिकी व सांख्यिकीय यामिकी मिळून १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रसायनशास्त्राच्या भरवशावर ती निघत नाही. अनेक विभागांनी ती आता ऐच्छिक केली आहे किंवा बंदच केली आहे. पण तुमच्यासारख्याने 'ऐच्छिक' हा शब्द वेगळ्या नजरेने वाचावा: भौतिकशास्त्राचा पदवीधर ती वगळू शकतो, कारण त्याचं गुणपत्रकच बोलतं. तुमच्या गुणपत्रकात ते विषय नसतील तर चांगले गुण हा थेट पुरावा ठरतो. गुण सामान्य आले तर ऐच्छिक ठिकाणी पाठवू नका.

भौतिकशास्त्राच्या गटात काम करा

किमान एक प्रकल्प भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली व्हायला हवा. त्यातून विषयाची ओळख होते आणि शिफारसपत्राचा प्रश्नही सुटतो.

गटप्रमुखाला लिहिताना 'मला भौतिकशास्त्राची फार आवड आहे' या वाक्याने सुरुवात केलीत तर पत्र तिथेच संपतं. त्यांना ज्याची उणीव असते ते देऊ करा. घनभौतिकीच्या अनेक गटांना नमुने बनवता येणारा, क्ष-किरण विवर्तनाचा आलेख वाचता येणारा, स्फटिक वाढवता येणारा माणूस हवा असतो. मृदुपदार्थांवर काम करणाऱ्यांना कोलॉइड आणि पॉलिमर तयार करणारा. अतिशीत रेणूंच्या गटांना रेणूंची स्पेक्ट्रोस्कोपी कळणारा. इलेक्ट्रॉनला विद्युत द्विध्रुव आघूर्ण आहे का, याचे आजवरचे सर्वांत काटेकोर प्रयोग थोरियम मोनॉक्साइड रेणूवर आणि हाफ्नियम फ्लोराइडच्या आयनावर झाले आहेत. कणभौतिकीतला इतका मूलभूत प्रश्न, आणि तो सोडवायला रेणूच्या ऊर्जापातळ्या ओळखणारी माणसं लागतात.

पत्र पाच-सहा ओळींचं. त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यात कोणता प्रश्न पडला, तुम्हाला कोणतं काम आजच करता येतं, आणि किती महिने, आठवड्याला किती तास देऊ शकता. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या गटाकडे जा.

गटात गेल्यावर फक्त नमुने बनवणारा होऊन राहू नका. हा धोका खरा आहे, कारण तुमचं ते काम चांगलं असतं आणि सगळ्यांना सोयीचं असतं. मोजमापाला बसा, विदा विश्लेषणाचा कोड लिहा, त्रुटींचा हिशेब शिका. शिफारसपत्रात 'उत्तम नमुने बनवतो' एवढंच आलं तर त्याचा उपयोग मर्यादित. 'आमच्या मोजमापातली विसंगती याने शोधली' आलं तर चित्र बदलतं.

कुठे अर्ज करायचा

सगळ्या उपशाखा तुमच्यासाठी सारख्याच उघड्या नाहीत. मृदुपदार्थ, जैवभौतिकी, प्रायोगिक घनभौतिकी, संगणकीय पदार्थविज्ञान, आणि अणू-रेणू-प्रकाश भौतिकी इथे रसायनशास्त्र ही जमेची बाजू आहे. अरैखिक गतिकीतही: बेलुसोव-झाबोटिन्स्की अभिक्रियेतली आंदोलनं आणि सर्पिल लाटा हा त्या विषयाचा आवडता नमुना. सैद्धांतिक कणभौतिकी, स्ट्रिंग थिअरी, विश्वरचनाशास्त्र इथे मात्र रसायनशास्त्राचा थेट फायदा जवळपास नाही आणि स्पर्धा तीव्र. जायचंच असेल तर आधी भौतिकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी करा. थेट पीएचडीचा अर्ज टाकून एक वर्ष घालवू नका.

प्रत्येक विभागाची पात्रतेची अट शब्दशः वाचा. 'भौतिकशास्त्रातील पदवी' आणि 'भौतिकशास्त्र किंवा संबंधित विषयातील पदवी' यांत तुमचा अर्ज वाचला जाणं किंवा न जाणं एवढा फरक आहे. अट संदिग्ध असेल तर शुल्क भरण्याआधी विभागाच्या प्रवेश समन्वयकाला लिहा. पदवी कोणती, भौतिकशास्त्राचे आणि गणिताचे कोणते कोर्स केले, त्यांत काय शिकवलं, हे जोडा आणि एकच प्रश्न विचारा: या आधारावर माझा अर्ज विचारात घेतला जाईल का? आलेलं उत्तर जपून ठेवा. काही विभाग पहिल्या वर्षी पदवीस्तरावरचे एक-दोन कोर्स करण्याच्या अटीवर प्रवेश देतात. ही अट कमीपणाची मानू नका, उलट असे विभाग यादीत वर घ्या.

अर्जातली पत्रं

उद्देशपत्रात रसायनशास्त्राबद्दल माफी मागू नका आणि त्याची निंदाही करू नका. 'मला लहानपणापासून विश्वाचं कुतूहल होतं' हे वाक्य समितीने वाचून-वाचून झिजवलंय. त्याऐवजी एखाद्या ठोस प्रश्नापासून सुरुवात करा. उदाहरणार्थ: 'पेरोव्हस्काइटच्या पातळ थरांची स्पेक्ट्रोस्कोपी करताना पट्टफटीजवळच्या अवस्थांचं स्पष्टीकरण रेणूंच्या भाषेत देता येईना, म्हणून मी घनभौतिकीचा कोर्स घेतला.' विषय का बदलला, हे यातून आपोआप कळतं.

दुसऱ्या परिच्छेदात त्या मुख्य शंकेला थेट भिडा: कोणते कोर्स केले, गुण किती, स्वतः काय भरून काढलं, काय अजून उरलंय आणि ते कधी करणार. उरलेलं लपवलंत तरी गुणपत्रकात दिसतंच. मग कोणत्या गटासोबत काय काम करायचंय, नावानिशी.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. एक तरी भौतिकशास्त्रज्ञाचं असू द्या, शक्य तर दोन. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडून पत्र घेताना त्यांना सांगा की 'मेहनती आणि नम्र' यापेक्षा तुमची गणिती तयारी आणि स्वतंत्र विचार यांची उदाहरणं हवी आहेत. असं सांगण्यात गैर काही नाही, उलट त्यांचं काम सोपं होतं. ज्यांच्या कोर्सचं नाव गुणपत्रकात फसवं असतं ('फिजिकल केमिस्ट्री तीन' यातून काहीच कळत नाही), त्यांनी प्रत्येक कोर्समध्ये काय शिकवलं याचं एक पान जोडावं.

मुलाखत

'रसायनशास्त्र का सोडताय?' हा प्रश्न येणारच. सोडत नाही, कुठे वापरणार आहे, हे सांगा आणि पुढे चला. त्यानंतर फळ्याजवळ बोलावलं जातं. साध्या गोष्टी विचारतात: आंदोलकाचं समीकरण लिहा, त्यात अवमंदन (घर्षणासारखा विरोध) घाला, बाहेरून बल लावा. तुमच्या प्रकल्पातल्या एखाद्या आलेखाच्या अक्षावरचा आकडा परिमाणाने बरोबर आहे का, हे विचारतात. अडलात तर गप्प बसू नका, कुठे अडलोय ते बोला. विचार कसा चालतो तेच त्यांना पाहायचं असतं.

पहिलं सत्र

प्रवेश मिळाला की वर्ग सुरू होण्याआधीचे दोन-तीन महिने विद्युतचुंबकत्वाची उजळणी करा, बाकी काही नाही. पहिल्या सत्रात चारही मुख्य कोर्स एकदम घेऊ नका. दोन मुख्य आणि एक पदवीस्तरावरचा पूरक असं घेता येतं का, हे सल्लागाराला सुरुवातीलाच विचारा. पात्रता परीक्षेला किती संधी मिळतात आणि शेवटची मुदत कोणती, हे पहिल्याच आठवड्यात लेखी माहीत करून घ्या.

गृहपाठाचा गट शोधा. तिथे मेकॅनिक्समध्ये तुम्ही इतरांना विचाराल, उष्मागतिकी आणि ग्रुप थिअरीत ते तुम्हाला विचारतील. शिकवण्याचं काम वाट्याला आलं तर पदवीच्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स मागून घ्या. उतरत्या फळीवर घरंगळणाऱ्या गोळ्याचं गणित आठवड्यातून चार वेळा समजावून सांगताना राहिलेल्या फटी भरतात, आणि त्याचं विद्यावेतनही मिळतं.